प्रतिसाद : कार्डात पैसे आहेत, पण फाटक उघडत नाही

मुलाच्या कार्डात ॲपवर तीनशे रुपये दिसतात आणि मेट्रोचं फाटक मात्र 'शिल्लक नाही' म्हणतं, असं वर विचारलंय. कार्ड एनसीएमसी (नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, म्हणजे मेट्रो-बसला चालणारं बँकेचं कार्ड) असेल तर हे बहुधा असंच होतं. या कार्डात दोन कप्पे असतात. ॲपवर दिसणारे पैसे बँकेच्या सर्व्हरवर. फाटक वाचतं ते चिपवरचे. सर्व्हरवरचे पैसे चिपवर उतरवायला स्टेशनवरच्या मशीनला किंवा खिडकीवर कार्ड लावावं लागतं. चिपमध्ये जास्तीत जास्त २००० रुपये राहतात, ते पिनशिवाय, नेट नसतानाही वळते होतात. म्हणूनच कार्ड हरवलं की ॲपमधून ब्लॉक केलंत तरी चिपवरची रक्कम गेली समजा. पोराच्या खिशात शंभर-दोनशेच ठेवा.

वडापाव-चहासाठी मात्र याचा उपयोग जवळपास शून्य. टपरीवाला क्यूआरचा कागद फुकटात चिकटवतो, तो कार्डमशीनचं भाडं कशाला भरेल? किराणा, औषधं, पेट्रोल इथे साधं प्रीपेड कार्ड चालतं. कमी कागदपत्रांवर मिळणाऱ्या कार्डात १०,००० च्या वर शिल्लक ठेवता येत नाही आणि रोख काढता येत नाही. आजी-आजोबांना द्यायला मला तरी हा फायदाच वाटतो. फसवणूक झालीच तर तेवढ्यावर भागतं. घेण्याआधी वार्षिक शुल्क आणि रिचार्जवरचं शुल्क तेवढं बघा, छोट्या खर्चात तेच जास्त टोचतं. आणि वर्षभर वापरलं नाही तर कार्ड निष्क्रिय होतं, ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका.