मदत हवी आहे: सासऱ्यांच्या घराण्याचा मूळपुरुष १६३७-३८ ला अमेरिकेत आला, इंग्लंडमधलं गाव कसं पक्कं करायचं?

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

नवरा अमेरिकन. सासरे ८१ वर्षांचे, मॅसॅच्युसेट्समधे इप्सविचजवळ राहतात. त्यांच्या हॉलमधे एक फ्रेम आहे, वर ढाल, सिंह वगैरे असलेलं चिन्ह आणि खाली टाइप केलेली वंशावळ, त्यांच्या आजोबांनी १९२० च्या आसपास पैसे मोजून कोणाकडून तरी करून घेतलेली. मागच्या सुट्टीत मी आमचा कुलवृत्तांत भारतातून आणला होता तो सहज दाखवला तर ते इतके खुलले की म्हणाले माझं पण जरा तपासून बघ ना, आणि मी हो म्हणून बसले. आता निस्तरतेय.

अमेरिकेतली बाजू त्यामानाने सोपी गेली. इथल्या गावागावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी छापलेल्या आहेत, त्यातून आणि सेलमच्या जमिनीच्या दस्तांवरून सासऱ्यांपासून थेट १६६४ पर्यंत साखळी जुळली. सगळ्यात वरचा माणूस जॉन (अर्थात! प्रत्येक पिढीत एक जॉन आहे, डोकं फिरायची वेळ येते). त्याचं १६७४ चं मृत्युपत्र मिळालं. मालमत्तेच्या यादीत २ बैल, एक पितळी कढई, जुनं बायबल. वाचताना खरंच मजा आली.

गाडी अडलीय ती समुद्रापलीकडे. फ्रेममधे लिहिलंय की हा जॉन इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या एका सरदाराचा, म्हणजे 'सर' रॉबर्टचा मुलगा. ऑनलाइन ३०-४० लोकांच्या वंशवृक्षांमधे हेच आहे पण सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, कागद कोणाकडेच नाही. म्हणून मी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवरच्या इंडेक्समधे त्या गावच्या चर्चच्या नोंदी शोधल्या, तर जॉन, रॉबर्टचा मुलगा, बाप्तिस्मा १२ फेब्रुवारी १६१२. खूश झाले. आणि खालीच, जॉन, रॉबर्टचा मुलगा, दफन ९ नोव्हेंबर १६१२. म्हणजे ज्याला मूळपुरुष म्हणून शंभर वर्षं भिंतीवर टांगलाय ते पोर नऊ महिन्यांचं असतानाच गेलं?? सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही, जीव होत नाहीये.

प्रश्न असा की इथेच विषय संपला का, की माझं काही चुकतंय? अँडरसन यांचं ग्रेट मायग्रेशनवालं काम (इंग्लंडहून न्यू इंग्लंडमधे, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या भागात, सुरुवातीला आलेल्या लोकांची माहिती) बघितलं, पण त्यातली सविस्तर टिपणं १६३५ पर्यंत आलेल्यांवर आहेत आणि आमचा माणूस दोन-तीन वर्षांनी नंतरचा. जहाजांच्या याद्या त्या काळातल्या फारशा शिल्लकच नाहीत. शिवाय एसेक्स, सफोक, इप्सविच, बोस्टन ही सगळी नावं दोन्हीकडे, त्यामुळे अर्धा वेळ आपण कुठल्या देशात शोधतोय हेच कळत नाही.

डीएनएचं कोणी सुचवेल म्हणून आधीच सांगते, बारा पिढ्या मागे ४०९६ पूर्वज होतात, साध्या टेस्टमधून त्यातला एक पकडणं कठीण. बाप-मुलगा अशा सरळ रेषेची वाय टेस्ट चालेल पण जुळवायला इंग्लंडमधला त्याच घराण्याचा कोणीतरी पुरुष नको का.

अपडेट (चार दिवसांनी):
प्रतिसादांत ज्यांनी कॅलेंडरचं लक्षात आणून दिलं त्यांना साष्टांग दंडवत. इंग्लंडात १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणजे १६१२ चा फेब्रुवारी १६१२ च्या नोव्हेंबरनंतर येतो, आपल्या हिशोबाने तो १६१३ चा! वर्ष पाडव्याला बदलतं हे लहानपणापासून घोकलेलं असूनही माझ्या डोक्यात शिरलं नाही. रजिस्टरची स्कॅन केलेली पानं मिळवली तर खरंच, बाप्तिस्म्यांच्या भागात डिसेंबर, जानेवारी आणि मग फेब्रुवारी, वर अजून १६१२ च. आणि दोन पानं मागे, मे १६१० मधे आणखी एक जॉन, रॉबर्टचाच. म्हणजे गेलं ते थोरलं पोर, आणि त्याचंच नाव पुढच्याला ठेवलं, तेव्हा ही सर्रास पद्धत होती म्हणे. जिवंत आहे आमचा जॉन!

सरदारकी मात्र गेली. तिन्ही नोंदींत नुसता रॉबर्ट, ना सर ना जेंटलमन, आणि सरदाराच्या घरची नोंद करताना पाद्री ते गाळेल असं वाटत नाही. एकाने गुस्ताव आंजूचं सांगितलं, तो त्याच काळात श्रीमंत अमेरिकनांना हव्या तशा बनावट वंशावळी करून द्यायचा. आमच्या फ्रेमवर कोणाचं नाव नाही, पण मासला तोच. ती ढाल पण बाद, तिकडे असं चिन्ह माणसाला मिळतं, आडनावाला नाही.

पण सफोकमधला हा जॉन तोच मॅसॅच्युसेट्समधला, हे अजून सिद्ध झालेलं नाही, एवढं मलाही कळतं. रॉबर्टच्या मृत्युपत्रात 'न्यू इंग्लंडमधे असलेला माझा मुलगा' असं काही निघालं तरच. शिवाय आमच्या जॉनने १६७४ ला 'माझा भाऊ थॉमस' लिहिलंय आणि त्याचं आडनाव वेगळं, म्हणजे मेव्हणा किंवा साडू असणार, त्याचं मूळ गाव कळलं तरी एक धागा मिळेल.

तर आता नेमकी मदत दोन बाबतीत हवी आहे. सफोकची मृत्युपत्रं वेगवेगळ्या चर्च कोर्टांत विखुरलेली आहेत, सडबरी, सफोक, नॉर्विच, आणि मोठ्या इस्टेटीवाल्यांची कॅंटरबरीच्या कोर्टात, ती आता लंडनला क्यूमधे. रॉबर्टसारख्या साध्या माणसासाठी आधी कुठे शोधू? आणि त्या काळचं सेक्रेटरी हँड हे हस्ताक्षर कोणाला वाचता येतं का, ते म्हणजे आपल्या मोडीसारखंच, ओळखीची भाषा असून अक्षर लागत नाही. इंग्लंडवाल्या इप्सविचच्या आसपास कोणी मराठी मंडळी असतील तर प्लीज मला मेसेज करा.

सासऱ्यांना फोनवर दोन्ही जॉनचं सांगितलं. सरदाराबद्दल रविवारी जेवायला गेलो की सांगेन.