अनुभव धागा: दारूनंतरची काळी उलटी

"पित्त झालंय, थंड दूध द्या." पिणाऱ्या माणसाची काळी उलटी आपल्याकडं बहुतेक घरांत अशीच निकालात निघते. घशातून दुर्बीण घालून आत बघेपर्यंत तुमच्याकडं काय काय झालं ते लिहा. नावं नकोत.

माजलगाव
पोळ्याला दाजींनी बैलं मिरवली अन् तिथून जे प्यायला बसले ते उठलेच नाहीत. अन्नाचा कण नाही. मग चहाच्या चोथ्यासारखी उलटी, हातपाय गार, बीपी लागेना. संभाजीनगरला दुर्बीण केली. डॉक्टरांनी स्क्रीन ताईकडं वळवली. अन्ननलिका खालपर्यंत काळी ठिक्कर, जठर सुरू झालं की एकदम गुलाबी! रक्तपुरवठा घटला, उपाशी शरीर, त्यात वर येणारं ॲसिड, म्हणून आतलं अस्तर मेलं म्हणाले. तोंडानं काहीच नाही, नुसतं सलाईन अन् ॲसिड कमी करायची इंजेक्शनं. ऑपरेशन टळलं, पण पुढं नळी आकसली. भाकर छातीत अडकायची. फुगा घालून रुंद केली. आता भाकर दुधात कुस्करूनच.

हिंगोली
माझं एवढं नव्हतं. वरातीत घेतली, रात्रभर ओकाऱ्या, शेवटी लालभडक रक्त. ओकारीच्या जोरानं चीर पडली होती, आपोआप भरली.

नांदेड (वॉर्डात सिस्टर आहे)
चीर बहुतेकदा भरते. लिव्हर खराब झालेल्याच्या अन्ननलिकेत शिरा फुगतात, त्या फुटल्या तर घमेलंभर रक्त पडतं, रबरबँड लावून बांधाव्या लागतात. घरी बसून यातलं कोणतं ते ओळखू येत नाही. उलटीनंतर छातीत असह्य कळ अन् मानेला सूज आली तर नळी फाटलेली असू शकते, तासाभराचाही उशीर नको. अन् नातेवाईकहो, "कधीमधी घेतात" सांगू नका! दोन-तीन दिवसांनी पेशंट थरथरतो, चादरीवरचे नसलेले किडे वेचतो, तेव्हा खरा आकडा बाहेर येतो. आधी कळलं तर दारू तुटल्याची औषधं वेळेवर सुरू करता येतात.

जालना
@माजलगाव, फुगा एकदाच घातला का? आमच्या मामांना परत अडकायलंय.

माजलगाव
नाही हो, परत परत घालावा लागला. आकसलेला भाग केवढा लांब आहे त्यावर असतं. ॲसिडच्या गोळ्या चालू आहेत का मामांच्या? आमच्याकडं त्या मध्येच सोडल्या होत्या.