सोसायटीच्या टाकीवर आरओ : माझा एकट्याचा विरोध

मुलुंडकर : रविवारच्या सभेत ठराव आला, टाकीवर मोठा आरओ बसवू, पाण्यातली केमिकलं जातील. मी सोडून सगळ्यांचे हात वर. अहो, आपलं पाणी भातसा-वैतरणेचं, मुळात क्षार कमी. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत क्षार असतील तिथे आरओवर बंदी घाला, असं हरित लवादाने २०१९ मध्येच केंद्राला सांगितलं होतं. शिवाय आरओ केमिकल मारत नाही, नुसतं वेगळं काढतो आणि ढीगभर पाण्याबरोबर गटारात सोडतो. म्हणजे आपली घाण खाडीच्या दारात.

दोन मुलांची आई : खाडीची काळजी मलाही आहे. पण भांडुपच्या पालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात गाळ बसवतात, वाळूतून गाळतात, क्लोरीन घालतात. त्यात जंतू मरतात, विरघळलेलं कीटकनाशक किंवा पीफास (नॉनस्टिक भांड्यांसारख्या वस्तूंत वापरलेली, सहज न विघटणारी रसायनं) जात नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये दोन पीफासना लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. इथे कुणी मोजेपर्यंत पोरं थांबणार का?

मुलुंडकर : मग सक्रिय कोळशाचा फिल्टर लावा. स्वस्त, पाणीही वाया नाही. फक्त कोळसा वेळेवर बदला. आमचा फिल्टरवाला दोन वर्षं फिरकला नाही, उघडला तर आत बुळबुळीत काळा लगदा.

दोन मुलांची आई : हेच म्हणतेय! घरात बदलला जात नाही, सोसायटीत कोण बदलणार? आणि लहान साखळीचे, म्हणजे छोट्या रेणूंचे पीफास कोळशातून लवकर निसटतात.

लॅबवाला : नळाशी काय भांडताय? गुडघ्याला डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची जेल चोळून आपण बेसिनमध्ये हात धुतो. गुरांना दिलेल्या याच औषधाने, मेलेली गुरं खाणारी गिधाडं जवळजवळ संपली. पकडायचं तर मैलापाण्यात. स्वित्झर्लंड २०१६ पासून निवडक मैलापाणी केंद्रांवर ओझोन किंवा कोळसा बसवतंय, त्यासाठी वर्षाला माणशी कमाल ९ फ्रँक घेतात. वरळी-वांद्र्याच्या नव्या केंद्रांत आत्ताच जागा ठेवा.

खाडीकाठचा : ओझोन जपून हं. भरतीला समुद्र आपल्या गटारांत शिरतो. त्या पाण्यातल्या ब्रोमाइड क्षाराला ओझोन लागला की ब्रोमेट, म्हणजे कर्करोगाची भीती. आणि आमच्या गल्लीचा मैला अजून सरळ नाल्यात पडतो. तो आधी केंद्रापर्यंत न्या, मग फ्रँक मोजू.

मुलुंडकर : ब्रोमाइडचं डोक्यातच आलं नव्हतं. अंतिम मतदान पुढच्या रविवारी आहे. टाकीतल्या पाण्याची कीटकनाशकांची तपासणी माझ्या खर्चाने करतो. पीफासची महाग पडते. वर्गणी काढायची का, ताई?