लक्षद्वीपच्या जहाजावरून तारे पाहण्यासाठी कोणती तयारी करावी?

प्रश्न

मार्चच्या अखेरीस आम्ही कोचीहून 'समुद्रम' सहलीला जाण्याचे ठरवत आहोत. दिवसा कवरत्ती, कल्पेनी व मिनिकॉय ही बेटे पाहायची आणि रात्री जहाजावर परतायचे, अशी ही सहल असल्यामुळे आकाशदर्शन डेकवरूनच करावे लागेल. पुण्यात त्रिशंकू हा दक्षिणेकडचा क्रुसाच्या आकाराचा तारकासमूह नेहमीच इमारतींच्या आड जातो. तो तेथून नीट दिसेल का? माझी चार इंची दुर्बीण सोबत न्यावी का?

प्रतिसाद १

दुर्बीण घरीच ठेवावी. जहाज सतत डोलत असल्यामुळे तिपाईवरच्या दुर्बिणीत तारा क्षणभरही टिकत नाही, आणि कॅमेऱ्याने लांब उद्भासन (एक्स्पोजर) दिल्यास ताऱ्यांच्या वेड्यावाकड्या रेघा उमटतात. हातात धरायची ७ × ५० ची (सातपट मोठे दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, मात्र अवश्य न्यावी आणि तिच्या भिंगांवर बसणारे खारे तुषार पुसण्यासाठी मऊ कापड जवळ ठेवावे. डेकवरच्या दिव्यांकडे पाठ करून किमान वीस-तीस मिनिटे अंधारात बसल्याखेरीज डोळे सरावत नाहीत.

प्रतिसाद २

त्रिशंकू नक्की दिसेल. पुण्याहून तो मध्यमंडलावर, म्हणजे बरोबर दक्षिणेला सर्वांत उंच, असतानाही क्षितिजापासून जेमतेम ११ ते १२ अंश वर असतो. मिनिकॉय मात्र सुमारे ८.३ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे तेथे तो जवळजवळ २२ अंशांवर येतो. मार्चअखेर ही वेळ मध्यरात्रीनंतर साधारण अर्ध्या तासाने येते. त्याच्या मागोमाग उगवणारे मित्र आणि मित्रक हे नरतुरंग तारकासमूहातले दोन ठळक तारे पाहून झाले, की त्यांच्या वर, त्याच समूहातला ओमेगा हा गोलाकार तारकागुच्छ द्विनेत्रीतून शोधावा. मला स्वतःला या सगळ्या दक्षिण आकाशात त्या धूसर गोळ्याइतके दुसरे काहीच प्रिय नाही. मोठा मॅजेलन मेघ ही आपल्या आकाशगंगेजवळची छोटी दीर्घिका पाहायची असल्यास डिसेंबर-जानेवारीतली सहल बरी; मार्चमध्ये काळोख पडेपर्यंत ती पश्चिमेकडे कललेली असते. तिकिटे काढण्यापूर्वी पंचांगात अमावास्या पाहावी, कारण पौर्णिमेच्या आसपास गेल्यास यातले बरेचसे चांदण्यात हरवेल.

प्रतिसाद ३

दक्षिणेइतकेच उत्तरेकडेही लक्ष द्यावे. ध्रुवताऱ्याची उंची म्हणजे जवळजवळ आपला अक्षांशच, त्यामुळे कोचीहून मिनिकॉयला जाताना तो सुमारे दीड अंशाने खाली उतरतो. अरबी समुद्रातले नाखवे 'कमाल' नावाची लहान फळी, तिची गाठी मारलेली दोरी दातांत धरून, डोळ्यांसमोर आडवी धरत आणि ध्रुवाची उंची मोजत. हात लांब करून एक बोट आडवे धरले, तर त्याची जाडी साधारण दीड ते दोन अंश भरते. तेवढ्यावर हा फरक आपणही ताडून पाहू शकतो.