ब्रिजमध्ये दोन रंगांच्या कमजोर ओपनिंगसमोर (पहिल्या बोलीसमोर) काय बोलावे? (म्युडरबर्ग, एक्रेन, विल्कोश)

पहिली_उतारी:
आमच्या जोडीचा करार साधा आहे. वीक टूवर (एका लांब रंगाची २ पातळीची कमजोर ओपनिंग) टेकआउट डबल (पार्टनरला उरलेल्या रंगांपैकी एक बोलायला लावणारा), २ नो ट्रंप म्हणजे १५ ते १८ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) आणि स्टॉपर (त्यांचा रंग अडवणारे पान), डबलला उत्तर देताना लेबेनसोल (कमजोर पत्ते २ नो ट्रंपने दाखवायची पद्धत). पण ऑनलाइन टेबलावर आता तीन वेगळ्या बोली वरचेवर समोर येतात:

- म्युडरबर्ग: २ बदाम किंवा २ इस्पिक, म्हणजे त्या रंगाची ५ पाने आणि किलवर किंवा चौकटची ४ किंवा जास्त, साधारण ६ ते १० पॉइंट.
- एक्रेन: २ चौकट, म्हणजे बदाम आणि इस्पिक दोन्ही, निदान ४-४, कमजोर.
- विल्कोश: २ चौकट, म्हणजे ५-५, त्यात निदान एक मेजर (इस्पिक किंवा बदाम; किलवर आणि चौकट हे मायनर), पण कुठले दोन रंग ते गुलदस्त्यात.

तिन्हींना एकच उत्तर चालेल का? आणि डबल नेमका काय दाखवतो? पार्टनर तो एकदा टेकआउट समजतो, एकदा पेनल्टी (त्यांना पाडण्यासाठीचा).

चौथी_जागा:
एकच उत्तर चालणार नाही. पण तीन वेगळे करार पाठ करायचीही गरज नाही. बोली कानावर पडली की स्वतःला विचारा: ओपनरचा एखादा तरी रंग पक्का माहीत आहे का? माहीत असेल तर तुमच्या हाती क्यू-बिड (त्यांचाच रंग बोलणे) आहे आणि 'कशाचा टेकआउट' हा प्रश्न उरत नाही. रंग माहीतच नसेल तर टेकआउट कशाचा करणार? तिथे डबल फक्त ताकद सांगू शकतो.

म्युडरबर्गमध्ये मेजर पक्का आहे, म्हणून ती सरळ वीक टू धरा. (२ इस्पिक) वर हे पत्ते पाहा (कंसातली बोली प्रतिपक्षाची):

इस्पिक ४
बदाम एक्का गुलाम ७ ३
चौकट राजा राणी ८ ५
किलवर एक्का १० ६ २

१४ पॉइंट, बिनदिक्कत डबल. पार्टनर ० ते ७ वर २ नो ट्रंप बोलून ३ किलवर मागवेल आणि मग पास करेल किंवा आपला रंग सांगेल. थेट ३ किलवर, ३ चौकट, ३ बदाम म्हणजे ८ ते ११. डबल करणाऱ्याकडे १८-१९ असतील तर त्याने ३ किलवर मुकाट्याने बोलू नये, स्वतःचे पत्ते सांगावेत. नाहीतर गेम (बोनस देणारे कॉन्ट्रॅक्ट) हुकतो.

साध्या वीक टूपेक्षा दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ओपनरकडे मायनरची ४ पाने असल्याने तुमचा मायनर ४-१ फुटण्याची शक्यता वाढते. एक्का राजा ७ ५ ३ अशा रंगावर ३ पातळीला जाऊ नका. मध्ये १०, ९ असलेला सहा पानी रंग हवा. ४ किलवर आणि ४ चौकट या उड्या (तो मायनर आणि उरलेला मेजर, ५-५) चालू ठेवा, मात्र मायनरमध्ये चित्रे नसतील तर नुसता मेजर बोला.

दुसरे म्हणजे पेनल्टी. इस्पिक ओपनरच्या डावीकडे असतील तर ते त्याच्या नंतर पडतात, तिथे राजा गुलाम ९ ८ सोन्यासारखे. त्या जागेवरून डबल करू नका, कारण तो टेकआउट होतो. पास करा आणि पार्टनरच्या रीओपनिंग डबलची (दोन पासनंतर केलेल्या डबलची) वाट पाहा. त्यासाठी चौथ्या जागेवरच्या माणसाने इस्पिक दोन किंवा कमी असतील तर १० पॉइंटवरही डबल केलाच पाहिजे. करारातला हा अर्धा भाग विसरला की अख्खा सापळा फुकट जातो. उलट, डावीकडून टेकआउट डबल आला आणि तेच राजा गुलाम ९ ८ उजवीकडच्या माणसाकडे असले तर त्याची पाने ओपनरच्या आधी पडतात. तिथे पेनल्टी पास करायला राणी गुलाम १० ९ सारखा भरीव रंग लागतो.

(२ इस्पिक) पास (३ किलवर), म्हणजे 'किलवर असेल तर पास, नाहीतर चौकट बोल'. यावरचा डबलही इस्पिकचाच टेकआउट ठेवा. किलवरचा पेनल्टी समजणारा पार्टनर इथे हमखास घोटाळा करतो.

इस्पिक_दुर्री:
एक्रेनबद्दल लिहितो. इथे दोन्ही रंग माहीत आहेत, म्हणजे दोन क्यू-बिड मिळतात. २ बदाम: दोन्ही मायनर, ५-४ किंवा ५-५, ११ ते १५. २ इस्पिक: तसाच आकार, १६ किंवा जास्त. डबल: १३ ते १५ बॅलन्स्ड (चारही रंग साधारण सारखे), किंवा कुठलेही जबरदस्त पत्ते. २ नो ट्रंप: १६ ते १८, दोन्ही मेजर अडवलेले. ३ किलवर, ३ चौकट नैसर्गिक.

डबल केल्यावर पुढचे ठरलेले नसेल तर त्याचा उपयोग अर्धाच. डबलनंतर त्यांना २ इस्पिकपर्यंत तसेच सोडायचे नाही: आपला पास फोर्सिंग (पार्टनरला बोलणे किंवा डबल करणे भाग), आणि नंतरचा कुणाचाही डबल पेनल्टी, त्या रंगाची चांगली ४ पाने. एक्रेनवाले ४-४ वर ओपन करतात, जोडीदाराकडे ३-२ असले की सात पानी हुकमावर खेळतात. कमाई तिथेच आहे.

स्वतःकडे खरोखर सहा बदाम असतील तर? आधी पास, पुढच्या फेरीत बदाम. ओपनरच्या जोडीदाराला लांब चौकटवर २ चौकटला पास करायची मुभा आहे का, तेवढे आधी विचारून घ्या.

पहिली_उतारी:
म्युडरबर्ग, एक्रेन कळले. विल्कोशला क्यू-बिडच नाही, मग टेकआउटवाले पत्ते कसे दाखवायचे?

चौथी_जागा:
उशिरा. पहिल्या फेरीत डबल म्हणजे १३ ते १५ बॅलन्स्ड किंवा १९ च्या वर. २ बदाम, २ इस्पिक नैसर्गिक, ५ पाने, ११ ते १६. २ नो ट्रंप १६ ते १८. उरलेले सगळे पास करून थांबतात. समजा (२ चौकट) पास (२ बदाम, 'बदाम असतील तर पास') पास (२ इस्पिक). आता डबल करा: हा इस्पिकचा टेकआउट. चौथ्या जागेवरून २ बदामला लगेच केलेला डबल बदामचा टेकआउट. तुमच्याकडे बदामच लांब असतील तर घाई नको. ओपनर बहुधा इस्पिकवाला आहे आणि बोली पुन्हा तुमच्यापर्यंत येईल.

धोकाही आहे. १४ पॉइंटवर दबून बसलात आणि २ बदामवर तिघांचा पास झाला तर पार्ट-स्कोअर (गेमपेक्षा छोट्या कॉन्ट्रॅक्टचे गुण) गेला. तो सोसावा. रंग माहीत नसताना तीनच्या पातळीला उडी मारून ८०० देण्यापेक्षा ते स्वस्त.

हुकूम_मोजा:
बोलीबरोबर खेळही बघा, तिथे फायदा मोठा आहे. म्युडरबर्गवाला २ इस्पिक खेळतोय आणि दुसरा रंग चौकट आहे. तुमच्याकडे चौकट एक्का राणी १० ५ असेल तर पहिली उतारी हुकमाची, आणि हात लागला की पुन्हा हुकूम. तो चौकटची छोटी पाने डमीच्या (जोडीदाराच्या उघड्या पत्त्यांतल्या) हुकमाने मारणार आहे. डमीत तीनच हुकूम असतील तर दोन फेऱ्यांत एकच उरतो. अपवाद: तुमच्याकडेच चार हुकूम असतील तर लांब रंग उतरा आणि त्याला हुकूम मारायला लावा, त्याचा ताबा सुटतो. एकेरी हुकूम राणी मात्र उतरू नका.

कॉन्ट्रॅक्ट आपल्याकडे आले तर रिकाम्या जागा (प्रत्येकाच्या १३ पैकी अजून न कळलेली पाने) मोजा. एक्रेनवाल्याकडे मेजर ५-४ निघाले, म्हणजे ९ पाने. आपल्या दोघांत मेजरची १२ असतील तर त्याच्या जोडीदाराकडे ५. ओपनरकडे जागा उरल्या ४, जोडीदाराकडे ८. किलवरची हरवलेली राणी जोडीदाराकडे असण्याची शक्यता तीनात दोन. आपल्याकडे किलवरची नऊ पाने असली तरी एरवीसारखे एक्का-राजा वाजवून राणी पडायची वाट पाहू नका. एक मोठे पान वाजवा आणि जोडीदारावर फिनेस घ्या (राणी त्याच्याकडे आहे असे धरून खेळा).

इस्पिक_दुर्री:
नियमाचे राहिले. कमजोर असून एकाही रंगाची ४ पाने पक्की न सांगणारी विल्कोशसारखी बोली जागतिक ब्रिज महासंघाच्या धोरणात 'ब्राउन स्टिकर' गटात येते. ती परवानगी असलेल्या स्पर्धेत तिच्याविरुद्धचा बचाव लिहून टेबलावर पाहता येतो. म्युडरबर्ग आणि एक्रेन या गटात नाहीत, ती उत्तरे डोक्यातच हवीत. ऑनलाइन खेळताना बोलीवर क्लिक करून ५-५ की ५-४, आणि व्हल्नरेबल (पडल्यास दंड जास्त) असताना किती पॉइंट, हे दोन्ही विचारा. बरेच जण नुसते 'दोन रंग' लिहून मोकळे होतात.