मदत हवी आहे: शिकण्यासाठी इटालियन शेफ कोणता निवडू? (तातडीने)

विहान_प
मंडळी, एक इटालियन शेफ निवडायचा आहे. ज्याच्याकडून काहीतरी शिकता येईल आणि ज्याच्याबद्दल मनापासून आदर वाटेल असा. शुक्रवारपर्यंत नाव द्यायचं आहे. नेटवर सगळीकडे त्याच त्या याद्या आहेत, कोणाला किती स्टार आणि कोण कितव्या नंबरवर. त्यातून डोंबल कळत नाही. बोत्तुरा चालणार नाही. जेमी ऑलिव्हर इटालियन नाही हे मला माहीत आहे, कृपया ते कोणी सांगू नका. एकच नाव सांगा आणि तेच का, ते सांगा.

तिरफळ
नाव कुठे द्यायचंय? नोकरीला, कोर्सला की पैज लावलीय? आणि नुसतं वाचायचंय की रांधायचंय पण?

खवय्या_नाशिककर
बोत्तुरा का चालणार नाही हे आधी सांगा. मास्सिमो बोत्तुरा म्हणजे कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडून स्वयंपाकात पडलेला माणूस. 1995 मध्ये मोदेनात ओस्तेरिया फ्रान्चेस्काना काढलं, तेव्हा गावकऱ्यांनी नाकं मुरडली, कारण आजीच्या तोर्तेल्लिनीशी (सारण भरलेला छोटा पास्ता) खेळ केलेला तिथे कोणाला खपत नाही. तेच हॉटेल 2016 आणि 2018 ला जगातल्या पन्नास सर्वोत्तम हॉटेलांच्या यादीत पहिलं. पण मला आदर वाटतो तो 2012 साठी. एमिलियात भूकंप झाला, गोदामांतल्या फळ्या कोसळून पार्मेझानची हजारो चाकं तडकली. अख्खं चाक विकता येईना, आणि चीज तर साठवून ठेवता येईना. बोत्तुराने रिसोत्तोची (इटालियन दाटसर भात) एक साधी कृती काढली, लोण्याऐवजी चीजच जास्त, आणि जगभर सांगितलं की आज हे घरी करा. 2015 च्या मिलान एक्स्पोच्या वेळी उरलेल्या अन्नातून गरिबांसाठी जेवणघर उभं केलं ते वेगळंच. आदर म्हणजे आणखी काय असतं?

विहान_प
काका, हे सगळं मला माहीत आहे. वर्गातल्या तिघांनी बोत्तुरा आधीच घेतलाय, सर चौथ्याला देत नाहीत. म्हणून चालणार नाही.

तिरफळ
'वर्ग'? 'सर'? हे पहिल्या पोस्टमध्ये नको का लिहायला?

आजीचा_डबा
बाळा, मार्चेल्ला हाझान घे आणि निवांत झोप. 1924 चा जन्म, गाव चेझेनातिको, समुद्रकाठचं. शिक्षण विज्ञानाचं. लग्न होऊन न्यूयॉर्कला जाईपर्यंत चुलीपुढे उभ्याच राहिलेल्या नव्हत्या. नवऱ्याला जेवायला काय घालायचं म्हणून आठवून आठवून शिकल्या. 1969 पासून स्वतःच्या फ्लॅटमध्ये शिकवण्या. स्वयंपाकाची पुस्तकं लिहायच्या इटालियनमध्ये, इंग्रजी नवरा करायचा. लहानपणीच्या अपघाताने उजवा हात अधू, त्या हाताने एवढं सगळं.
त्यांचा टोमॅटोचा सॉस मी कित्येक वर्षं करतेय. टिनमधले सोललेले टोमॅटो साधारण 800 ग्रॅम, पाच मोठे चमचे बटर, एक कांदा सोलून मधोमध दोन तुकडे, मीठ. मंद आचेवर पाऊण तास. कांदा काढून टाकायचा. लसूण नाही, ओरिगानो नाही, साखर नाही. पहिल्यांदा केला तेव्हा सून म्हणाली, आई, तुम्ही फोडणी द्यायला विसरलात. मग पातेलं पुसून खाल्लंन.

खवय्या_नाशिककर
आजी, आदर आहे, पण हाझानबाई शेफ कुठे होत्या? त्या शिक्षिका. व्यावसायिक किचन चालवणं वेगळं, शिकवण्या घेणं वेगळं. पोराने सरांना 'शिक्षिका' म्हणून नाव दिलं तर सर काय म्हणतील?

आजीचा_डबा
त्याने लिहिलंय 'शिकता येईल असा'. शिकायचं शिक्षकाकडून नाही तर काय कॅशियरकडून?

सदू_कोकणी
घरात ओव्हन नाही. तव्यावर पिझ्झा जमतो का? खालून करपतो आणि वरचं चीज तसंच राहतं.

तिरफळ
सदू, वेगळा धागा काढ रे. (बेस तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धवट भाज, उलटा, भाजलेल्या बाजूवर टॉपिंग घाल, झाकण ठेव, गॅस अगदी बारीक. आता जा.)

मिलानवासी
मी मिलानला राहते, म्हणून राहवलं नाही. आपल्याकडचा मुलगा असेल तर पिएत्रो लीमानचा विचार करावा. 1989 मध्ये जोया हॉटेल काढलं, पूर्ण शाकाहारी, आणि 1996 मध्ये मिशलिन या हॉटेल-गाइडचा स्टार मिळवला. युरोपात शाकाहारी हॉटेलला तोवर कोणी स्टार दिला नव्हता. भारतीय तत्त्वज्ञानाचा ओढा, ताटात रंगांचा विचार. पहिल्यांदा गेले तेव्हा 'काय ही चित्रकला' असं मनात आलं, पण दुसऱ्या घासाला गप्प झाले.

खवय्या_नाशिककर
ताई, लीमान स्विस आहेत. लोकार्नोचे. प्रश्न 'इटालियन शेफ' असा आहे.

मिलानवासी
स्विस असले तरी इटालियन बोलणारे, मिलानला ग्वाल्तिएरो मार्केझींकडे शिकलेले. पासपोर्ट बघून रिसोत्तो खाता का तुम्ही? पण बरं, मग मार्केझीच घ्या. इटलीत तीन स्टार मिळवणारं पहिलं हॉटेल त्यांचं, आणि 2008 मध्ये 'मला तुमचे गुण नकोत' म्हणून मिशलिनला सांगणारेही तेच. 1981 चा त्यांचा केशरी रिसोत्तो, वर सोन्याचा चौकोनी वर्ख, फोटो पाहिलाच असेल. क्राक्को, ओल्दानी, बेर्तोन, क्रिप्पा, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. पार्माजवळच्या कोलोर्नोतल्या आल्मा या शाळेचे ते रेक्टर होते. एका नावात अर्धा आधुनिक इटालियन स्वयंपाक येतो.

सदू_कोकणी
वर्ख आपण काजूकतलीवर लावतो की. तो चांदीचा, हा सोन्याचा. त्याला तीन स्टार?

शेवगा_शेंग
मार्केझी कार्बोनारा पास्त्यात क्रीम घालायचे. विषय संपला.

मिलानवासी
एकोणीसशे ऐंशीच्या दशकात इटलीत पुष्कळजण घालायचे. आज रोमन लोक क्रीमचं नाव काढलं की अंगावर येतात, तेव्हा इतकं सोवळं नव्हतं.

शेवगा_शेंग
अंडं, पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज), मिरी, ग्वान्चाले (डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस). एवढंच. क्रीम घातलं की ती कार्बोनारा नाही, लग्नातला व्हाइट सॉस पास्ता. आणि त्यांचे शिष्य क्राक्को? 2015 मध्ये टीव्हीवर सांगून बसले की आमात्रिचाना या पास्त्याच्या सॉसमध्ये सालासकट लसूण टाकतो. खुद्द आमात्रिचे गावच्या नगरपालिकेने फेसबुकवर साहित्याची यादी टाकून खुलासा केला, त्यात लसूण नाही. आपल्याकडे मिसळीवरून पुणे-कोल्हापूर भांडतात, पण नगरपालिका अजून मध्ये पडलेली नाही.

विहान_प
अहो प्लीज, क्रीमवर नंतर भांडा. गुरुवार उजाडतोय.

तिरफळ
तू माहिती दिलीस तर भांडण थांबेल. 1. कसला वर्ग? 2. रांधायचंय का, किती पदार्थ? 3. किचनमध्ये काय आहे, काय नाही? 4. डुक्कर, बीफ, वाइन चालतं का? 5. बघणारा कोण?

विहान_प
हॉटेल मॅनेजमेंट, तिसरं वर्ष. एक शेफ निवडून त्यावर फाइल, मग त्याच शेफच्या शैलीतले तीन पदार्थ प्रॅक्टिकलला, मग व्हायव्हा. बाहेरून एक्झामिनर येणार. ओव्हन आहे, हाताने फिरवायचं पास्ता मशीन आहे, एक आहे आणि सगळ्यांत मिळून आहे. डुक्कर आणि बीफ किचनमध्ये आणायला परवानगी नाही. वाइनसाठी सही लागते, ती वेळेवर मिळत नाही. रिसोत्तोचा कार्नारोली तांदूळ महाग आहे, खर्च आमचा. मी स्वतः सगळं खातो. एवढंच.

तिरफळ
म्हणजे कार्बोनारा, आमात्रिचाना, सगळं बादच! इतका वेळ ग्वान्चालेवर भांडत होतो आम्ही.

आजीचा_डबा
तांदूळ महाग असेल तर आंबेमोहर घे. मी त्याचाच रिसोत्तो करते, वासही छान येतो.

मिलानवासी
आजी, माफ करा, पण आंबेमोहरचा मऊभात होतो. कार्नारोलीचा दाणा बाहेरून स्टार्च सोडतो आणि आत जरासा कणखर राहतो. शेवटी आच बंद करून थंड बटर आणि चीज घालून पातेलं जोरात हलवायचं, तेव्हा तो दाणा टिकला पाहिजे. आंबेमोहर त्या हलवण्यातच मोडतो. एक्झामिनर चमचा उभा करून बघणार. शिवाय आंबेमोहरचा स्वतःचा वास इतका असतो की केशर हरवतं.

आजीचा_डबा
आमच्याकडे कोणी चमचा उभा करून बघत नाही, जेवतात.

गव्हाचा_दाणा
पास्ता करणार असाल तर बन्सी गहू आणा. तो ड्युरमच (कडक गहू) आहे, आपल्याकडे शेवयांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. इटलीत 1967 पासून कायद्याने सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच असावा लागतो. आणि खपली म्हणजे तिकडचा फार्रो. मैद्याच्या नादी लागू नका. मी खपलीवर सविस्तर लिहू शकतो, कोणाला हवं असल्यास.

तिरफळ
कोणी विचारलं नव्हतं, पण माहिती चांगली आहे. फक्त कायदा सुक्या पास्त्याचा. उत्तरेकडचा ताजा पास्ता मऊ गव्हाच्या पिठाचा आणि अंड्याचा असतो, 100 ग्रॅमला एक अंडं.
विहान, आता ऐक. नादिया सान्तिनी. दाल पेस्कातोरे, मान्तोव्हा जिल्ह्यात कान्नेतो सुल्लोल्योजवळच्या रुनाते या वाडीत. नवऱ्याच्या घराण्याचं हॉटेल, ओल्यो नदीकाठची साधी खानावळ होती ती. तिने स्वयंपाक कुठल्या शाळेत नाही, नवऱ्याच्या आजीकडे आणि सासूकडे उभं राहून शिकला, आणि 1996 पासून तीन स्टार. 2013 मध्ये जगातली सर्वोत्तम महिला शेफ. एवढं होऊनही फेस नाही, धूर नाही, टेबलवर नाटक नाही. तिचा प्रसिद्ध पदार्थ भोपळ्याचे तोर्तेल्ली, म्हणजे भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता. मांस नको, वाइन नको, महाग तांदूळ नको. लाल भोपळा मंडईत ढिगाने मिळतो.

शेवगा_शेंग
'महिला शेफ' असा वेगळा पुरस्कार कशाला? पुरुषांना 'सर्वोत्तम पुरुष शेफ' देतात का?

ओवी_९
+१. मात्र पुरस्कार विचित्र म्हणून बाईचा स्वयंपाक कमी होत नाही.

खवय्या_नाशिककर
मी नीको रोमितो सुचवीन. आब्रुत्सोतला, अर्थशास्त्र शिकत होता, घरचं हॉटेल हातात आलं आणि स्वतःच शिकला. कांदा, पार्मेझान आणि केशर, एवढ्यावर उभा असलेला पदार्थ करतो. व्हायव्हात बोलायला भरपूर आहे. सासूकडे शिकले हे सांगून मार्क कसे मिळणार?

तिरफळ
कांद्याचा नुसता अर्क काढून त्यावर अख्खा पदार्थ उभा करायचा, तिसऱ्या वर्षाच्या मुलाने, एक मशीन सगळ्यांत मिळून असलेल्या किचनमध्ये? काका, पोराला पास व्हायचंय. आणि सासूकडे शिकले यातच तर बोलायला आहे. एकच तोर्तेल्लो तीन पिढ्यांच्या हातून गेला, त्यात कोणी काय बदललं आणि काय तसंच ठेवलं, यावर एक्झामिनर पंधरा मिनिटं ऐकेल. बोत्तुराचे तीन झाले की चौथ्याला त्याला जांभई येणार आहे.

विहान_प
हे पटतंय. पण परवा घरी भोपळ्याचं सारण करून पाहिलं होतं (दुसऱ्या कारणासाठी). पचपचीत झालं, पारी फुटली.

तिरफळ
उकडलास ना? उकडायचा नाही. सालासकट मोठ्या फोडी, ओव्हनला 180 वर, कडा तपकिरी होईपर्यंत. मग गर काढून पातळ पंचात बांध आणि चक्क्यासारखा टांगून ठेव, रात्रभर ठेवलास तर उत्तम. आपला लाल भोपळा मान्तोव्हाच्या भोपळ्यापेक्षा पाणचट असतो. दुसऱ्या दिवशी बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला पाहिजे. मग किसलेलं पार्मेझान, कुस्करलेली आमारेत्ती (बदामाची) बिस्किटं, जायफळ, आणि मोस्तार्दा (मोहरीचा झणका असलेली, पाकातली फळं) बारीक चिरून. गोडसर लागतं, ते तसंच अपेक्षित आहे. एक्झामिनरने 'गोड का' विचारलं तर घाबरू नकोस.

मिलानवासी
हे बरोबर आहे. आणि फाइलमध्ये लिहिताना एक लक्षात ठेव, खऱ्या पार्मिजानो रेज्जानोत वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं विरजण) असतं. पदार्थाला शाकाहारी म्हणायचं असेल तर व्हेजिटेरियन रेनेटचं चीज घे आणि तसं स्पष्ट लिही. व्हायव्हात हमखास पकडतात.

विहान_प
मोस्तार्दा कुठे मिळेल? आमारेत्ती पण नाही मिळत.

आजीचा_डबा
बदामाची बिस्किटं कडक भाजून कुस्कर. मोस्तार्दाला मोरांबा घाल, वर मोहरीपूड भुरभुर. झालं.

तिरफळ
मोरांब्यात वेलची-केशर असतं, त्याने सगळं श्रीखंडाच्या वाटेने जाईल. मान्तोव्हाकडे सफरचंदाच्या किंवा क्विन्सच्या कापांचा करतात. सफरचंदाच्या पातळ चकत्या साखरेत मुरव, पाक दोनतारी होईपर्यंत आटव, पूर्ण गार होऊ दे. पिवळ्या मोहरीची ताजी पूड गार पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेव, नाकात झणका आला की गार पाकात मिसळ. गरम पाकात घातलीस तर झणका उडून जातो आणि नुसती कडवट चव मागे राहते.

विहान_प
ताई, खूप आभार. सान्तिनींचं नाव सरांना आत्ताच पाठवलं. तोर्तेल्ली पक्के, बाकी दोन पदार्थ बघतो. एक शेवटचं. वरून बटर घालतात, त्याऐवजी साजूक तूप चाललं तर घरचंच आहे.

तिरफळ
नाही. बटरमध्ये थोडं पाणी असतं, त्यात पास्त्याचं पाणी चमचाभर घालून हलवलं की दाट चकचकीत होतं. तुपात ते होणार नाही, तेलकट ओघळेल.

आजीचा_डबा
चालेल रे. कोणाला कळत नाही.

मिलानवासी
एक्झामिनरला कळेल, आजी.