मदत हवी आहे: पुरानं मुरलेली ओल आणि जुनं घर, पाडावं की सावरावं? (कोल्हापूर)

शुक्रवारपेठकर

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

आमचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला आहे. पणजोबांनी बांधलेलं तीन खणी घर, वर माडी आणि मंगलोरी कौलं. समोरची आणि बाजूच्या दोन भिंती कमरेपर्यंत काळ्या दगडाच्या, त्यावर भाजक्या विटा, सगळं चिखलात. मागची म्हणजे स्वयंपाकघराची भिंत मात्र जोत्यापासून वरपर्यंत भेंड्यांची, म्हणजे कच्च्या विटांची. भिंतींची जाडी दीड फूट. खांब, तुळया सागवानी, माडीचा कडीपाट अजून एकसंध आहे.

२००५ ला पाणी उंबऱ्याला लागून परत गेलं. २०१९ आणि २०२१ ला आत आलं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या दोन्ही पुरांत पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, हे इथल्या सगळ्यांना पाठ आहे. २०२१ ला आमच्या खालच्या खोल्यांत खिडकीच्या कट्ट्याच्या वर वीतभर पाणी होतं.

२०१९ नंतर एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून वडिलांनी आतून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट करून घेतला. आता ओल त्या चार फुटांच्या वरून बाहेर पडते. जिथं सिमेंट संपतं, बरोबर त्या रेघेवर रंगाला फोड येतात. फोड नखानं उचलला की खाली पांढरा लोणा, पिंजलेल्या कापसासारखा. पुसून काढला तरी आठवड्यात परत. सिमेंटच्या भागावर टिचकी मारली की पोकळ वाजतं. मधल्या खांबाच्या बुडाशी, तळखड्याच्या म्हणजे खांबाखालच्या दगडाच्या लगेच वर, स्क्रूड्रायव्हर टोचला तर बोटाच्या दोन पेरांएवढा आत जातो. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीनं बाहेरच्या बाजूला पोट काढलंय. ओळंबा लावला तर मध्यावर दोन इंचांच्या आसपास फरक दिसतो.

तिघांना घर दाखवलं. पहिला म्हणतो, सगळं पाडा आणि आरसीसी करा. दुसरा म्हणतो, भिंती दणकट आहेत, कौलं उतरवून याच भिंतींवर स्लॅब टाकू, वर एक मजला होईल. तिसरा म्हणतो, केमिकल मारून परत वॉटरप्रूफ गिलावा करू, दहा वर्षं बघायला नको. तिघंही आपापल्या जागी ठाम.

हातात दहा-बारा लाख आहेत, त्याहून कर्ज काढायची तयारी नाही. वडील पंच्याहत्तरीचे, आई गुडघ्यांमुळं माडीवर चढू शकत नाही. दोघांनाही हे घर सोडायचं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. पण रात्री पाऊस लागला की त्या मागच्या भिंतीच्या काळजीनं झोप येत नाही. एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे, तेही लक्षात घ्या.

कुणी अशा घराचं काम केलं असेल, करवून घेतलं असेल, तर कृपया लिहा. सुरुवात कुठून करू?

बांधकामी

स्थापत्य अभियंता आहे, जुन्या घरांची कामं केली आहेत. घर न बघता शेवटचा शब्द देणार नाही, पण दोन गोष्टी आजच सांगायला हव्यात.

पहिली. दुसऱ्या माणसाचा सल्ला अजिबात ऐकू नका. चिखलात बांधलेल्या भिंतींवर स्लॅब टाकायचा नाही. भिंत जाड आहे म्हणजे दणकट आहे असं नसतं. चिखलाचा सांधा वरून येणारं वजन सोसतो, आडवा हिसका सोसत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसं मेली ती अशाच जाड दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरच्या जड माळवदांखाली, म्हणजे मातीच्या सपाट छपरांखाली. कोल्हापूरही भूकंपापासून लांब नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का तुमच्या वडिलांना आठवत असेल, विचारा त्यांना. तुमचं हलकं कौलारू छप्पर आणि लाकडी सांगाडा ही त्या घराची जमेची बाजू आहे, ती घालवू नका.

दुसरी. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकू द्या, याच आठवड्यात. भेंडा म्हणजे कच्ची वीट, पाण्यात विरघळते. एकदा पोट काढलेली भेंड्याची भिंत आपोआप सरळ होत नाही. माडीची तुळई त्या भिंतीवर टेकली असेल तर आतून जॅक लावून तिचं वजन उचलून घ्या आणि तोवर त्या भिंतीशेजारी कुणाला झोपू देऊ नका. भेगा असतील तर भेगेवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरनं चिकटवून तारीख लिहून ठेवा. काच तडकली की समजायचं भिंत अजून हलते आहे.

आता ओलीबद्दल. दगडमातीची भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते, पूर्वीही ओढत होती. फरक एवढाच, की पूर्वी मातीचा किंवा चुन्याचा गिलावा ते पाणी वाऱ्यावर सोडून द्यायचा. सिमेंट आणि ऑइलपेंटनं ती वाट बंद झाली, म्हणून ओल वर चढून जिथं सिमेंट संपतं तिथं बाहेर पडते. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात, तोच तुमचा लोणा. तिसऱ्या माणसाचं केमिकल मारलं तर ओल पाच फुटांवर, मग सहा फुटांवर. आणि आत कोंडलेली ओल तुळईच्या टोकापर्यंत गेली की मग खरी पंचाईत.

जुनी माडी

आम्ही पण नदीकाठचेच, दुधाळीकडं. माहेर-सासर दोन्ही पूर बघितलेलं. दादा, आमच्याकडं सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा केला, त्याचं सांगते.

गिलावा काढताना ब्रेकर लावू देऊ नका. गवंडी घाई करतात, पण त्या धक्क्यानं चिखलाचे सांधे सुटतात. छिन्नी-हातोड्यानं, वरून खाली, सावकाश. काढल्यावर सांधे इंचभर खरवडून घ्या. लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा आणि खाली पडलेली पूड सुपलीत भरून घराबाहेर टाकायची. पाण्यानं धुवायचा नाही, धुतलं की तोच क्षार परत भिंतीत जातो. आणि मग भिंत तशीच उघडी ठेवायची. हेच सगळ्यात अवघड जातं, कारण घर अगदी भकास दिसतं आणि येणारा-जाणारा विचारतो. आम्ही दिवाळीनंतर उघडी केली आणि गिलावा उन्हाळ्यात केला. खिडक्या दिवसभर उघड्या, पंखा चालू.

चुना पिशवीतला आणून लगेच लावायचा नाही. कळीचा चुना पाण्यात विरवून किमान दोन-तीन आठवडे पाण्याखाली ठेवायचा, लोण्यासारखा होतो. आमच्या गवंड्यानं एक भाग चुना, तीन भाग वाळू घेतली आणि वाळूतली थोडी कमी करून सुर्खी घातली, म्हणजे भाजक्या विटांचा चुरा. पहिला हात सुकल्यावर दुसरा. मधे रोज पाणी शिंपडत राहायचं. वरून फक्त चुन्याची सफेदी. प्लास्टिकचा रंग मारलात तर सगळ्यावर पाणी.

आईंसाठी एक सांगते. चुन्याच्या भिंतीला पाठ टेकली की थोडं पांढरं लागतं. त्या बसतात तिथं भिंतीला लाकडी फळी ठोकून घ्या, मागं बोटभर फट सोडून.

शुक्रवारपेठकर

दोघांचेही मनापासून आभार. टेकू आज संध्याकाळीच लावतोय, मामांकडून जॅक आणलेत. तुळई त्या भिंतीवरच टेकलेली आहे.

बांधकामी सर, दोन प्रश्न. नवीन बांधायचं ठरवलंच तर परवानगीचं काय? आमच्या गल्लीत कुणी म्हणतं निळ्या रेषेत काहीच करता येत नाही, कुणी म्हणतं सगळं होतं. आणि कुजलेला खांब पूर्ण बदलावा लागेल का? तो काढायचा म्हटलं की वडील गप्प होतात.

बांधकामी

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रेषा जलसंपदा विभाग आखतो. तुमची मिळकत कुठल्या पट्ट्यात येते ते महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशावर बघून घ्या. गल्लीतल्या ऐकीव माहितीवर घर पाडू नका. यूडीसीपीआर म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे नदी ते निळी रेषा या पट्ट्यात नव्यानं बांधकाम करता येत नाही. तिथलं अधिकृत जुनं घर पाडून परत बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं. तुमच्याकडं पुराचं पाणी खिडकीवर होतं म्हणजे ते जोतं किती उंच जाईल याचा अंदाज करा. बहुधा खाली मोकळे कॉलम आणि वर घर. आईंचे गुडघे लक्षात घेता हा मोठा प्रश्न आहे. शिवाय नव्या बांधकामाला रस्तारुंदीची रेषा आणि सामासिक अंतरं (घराभोवती सोडायची मोकळी जागा) लागू होतात, म्हणजे आज आहे तेवढी जागा परत मिळेलच असं नाही. उलट गिलावा, फरशी, कौलं परतणं अशा डागडुजीला बांधकाम परवाना लागत नाही. मागची भिंत नव्यानं घालण्याआधी मात्र नगररचना विभागात विचारून घ्या, आणि सामाईक भिंतीला हात लावायच्या आधी शेजाऱ्यांची लेखी संमती. मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढून ठेवा.

म्हणून माझं मत: तुमच्या बजेटमध्ये घर सावरा, आणि पैसा मागच्या भिंतीवर घाला. ती भेंड्यांची भिंत उतरवून भाजक्या विटांची, सिमेंट-वाळू १:६ मध्ये, खाली काँक्रीटचा पाया, जोत्यावर १:२:४ काँक्रीटची दोन इंची डीपीसी (ओल वर चढू न देणारा थर), खिडकीच्या वर सलग लिंटेल पट्टा. नवी भिंत जुन्या दगडी भिंतीत नुसती दात घालून घुसवू नका. सांध्याशी लाकडी किंवा काँक्रीटचा खांब ठेवा, दोन्ही भिंती वेगवेगळ्या बसतात.

खांब बदलायची गरज नाही. वजन जॅकवर घेऊन कुजलेला बुडखा कापायचा, ठणठणीत लाकूड लागेपर्यंत, आणि तेवढ्याच उंचीचा काळ्या दगडाचा नवा तळखडा खाली द्यायचा. दगड आणि लाकूड यांच्यामधे डांबरी फेल्ट. वाळवीसाठी लाकडाच्या टोकाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी पाजायचं. खांब पणजोबांचाच राहील, फक्त पाय दगडाचा होईल. चांगला सुतार आणि पाथरवट एकाच वेळी हजर पाहिजेत, एवढी एकच अट.

परडं

ओल खालून येते की बाजूनं, हे बघितलं का कुणी? आमच्या गल्लीत रस्त्यावर काँक्रीट चढत चढत आता रस्ता आमच्या जोत्याच्या वर गेलाय. गटाराचं पाणी थेट भिंतीत. कौलांना पन्हळ आहे का बघा, नसेल तर पागोळ्या नेमक्या भिंतीच्या बुडाशी पडतात आणि तिथली माती पावसाळाभर भिजत राहते. आधी पन्हळ लावा, गटाराचा सांधा बघा, न्हाणीचं पाणी कुठं जातं ते बघा. हे स्वस्तातलं काम आहे आणि हे न करता चुना लावला तर तोही सुटेल.

एक सोपी तपासणी: दोन फुटी प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा, दोन दिवसांनी बघा. पाण्याचे थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली, खिडक्या उघडून भागेल.

आणि विजेचं काम याच वेळी करून घ्या भावा. सगळे बोर्ड २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या वर, वायर वरून खाली आणलेली, खालच्या मजल्याला वेगळा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा). पाणी वाढायला लागलं की खालचं बंद करून वर माडीवर लाईट चालू ठेवता येते. स्वयंपाकघरात प्लायवूड नको, कडाप्प्याची मांडणी करा. पूर ओसरला की धुतली, झालं.

शुक्रवारपेठकर

परडं, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. मागच्या बोळातलं गटार आमच्या स्वयंपाकघराच्या जोत्यापेक्षा वर आहे आणि त्याचा एक सांधा भिंतीजवळच फुटलाय. पन्हळ नाहीच. प्लास्टिक तीन भिंतींना लावलंय. मागच्या भिंतीवर एका रात्रीतच आतून थेंब धरले, समोरच्या भिंतीवर अजून काही नाही.

टेकू लागले. आईची कॉट समोरच्या खोलीत हलवली, गॅस तात्पुरता सोप्यात आणला. वडिलांना खांबाचं सांगितलं तेव्हा ते उठून खांबापाशी गेले आणि किती कापावा लागेल ते स्वतः खडूनं आखून आले. त्यांनी आखलंय ते जरा कमीच आहे, पण सुतार आल्यावर ठरेल.

आता क्रम असा धरलाय: गटार आणि पन्हळ आधी, मग मागची भिंत, मग खांब. सिमेंटचा गिलावा लगेच काढायला घेतो, चुना उन्हाळ्यात, सगळं रोहिणीच्या आत. अजून एक मदत हवी. मागच्या उतारावरची कौलं उतरवावी लागणार आणि त्यातली बरीच फुटकी आहेत. जुन्या मापाची मंगलोरी कौलं कुणाकडं असतील तर सांगा, नवी घेतली तर खाचा जुळत नाहीत.

जुनी माडी

आमच्याकडं परड्यात रचून ठेवलीत, शे-दोनशे तरी असतील. माप जुळतंय का बघायला तुमचं एक कौल घेऊन या. नेताना प्रत्येक कौल हातात धरून बोटानं वाजवून घ्या. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर त्याला केसाएवढी भेग असते, पहिल्याच पावसात गळतं.